साखळीचे सल्लागार

घरात कुत्रं आणलं की पिसवांच्याही आधी सल्लागार येतात. सगळ्यांचा सल्ला एकच. "बांधून ठेवा!"

आमच्या बंड्याचं वय नऊ महिने. आईकडून तो शुद्ध गावठी. वडिलांविषयी खात्रीनं कुणी बोलत नाही. बेल वाजली की सोफ्यावरून टीपॉयवर आणि टीपॉयवरून थेट पाहुण्यांवर. गॅसवाला तर सिलिंडर जिन्यातच ठेवून पळतो. शेजारचे अण्णा म्हणाले, "गॅलरीत साखळीनं बांधा हो. चार दिवसांत गार होतो की नाही बघा." माझे मेहुणे सुधारक. त्यांनी पिंजरा सुचवला. दाराला बाहेरून कडी असलेला.

मी साखळी आणली. लपवण्यात अर्थ नाही. आठ दिवस बंड्या गॅलरीत होता. साखळीच्या टोकापर्यंत धावायचा, हिसका बसायचा, खोकायचा, पुन्हा धावायचा. नवव्या दिवशी पट्टा काढला तर मानेवरचे केस गेलेले आणि खाली लाल कातडी. सुटल्याबरोबर त्यानं आठ दिवसांची थकबाकी तासाभरात वसूल केली. त्यात माझा चष्मा गेला, त्याचं काही नाही. पण ती मान पाहून ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बांधलेल्या कुत्र्याला शांत म्हणणारे लोक लोकलमध्ये चेंगरलेल्या माणसाला समाधी लागली असंही म्हणतील. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिला तो 10 ते 50 रुपये. मला साखळीच त्याहून महाग पडली होती!

मानेला मलम आणायला गेलो तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तो गप्प पडलेला असतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"पेपर वाचतो."

"आणि चप्पल पळवली की?"

"आम्ही तिघंही त्याच्यामागे धावतो."

"म्हणजे चप्पल पळवण्याचा पगार मिळतो. गप्प बसण्याचा नाही."

मी ओशाळलो. आपल्या घरांत पोरांचंही हेच नाही का? गुपचूप चित्रं काढत बसलेलं पोर कुणाला दिसत नाही. बशी फोडली की सारं घर गोळा!

मग जुनी गोधडी हॉलच्या कोपऱ्यात घातली. बंड्या आपणहून तिच्यावर पसरला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्या पुढच्या पायांमध्ये हळूच ठेवायचा. "शाब्बास!" म्हणून ओरडायचं नाही, नाहीतर तो उठून नाचतो. पहिल्यांदा दर दहा सेकंदांनी तुकडा, मग अर्ध्या मिनिटानं, मग दोन मिनिटांनी. ते जमलं की मी खुर्चीतून उठून पुन्हा बसायचं. मग दारापर्यंत जाऊन यायचं. मग मुलीनं बाहेरून बेल वाजवायची. एखाद्या पायरीवर तो उठलाच, तर न रागावता एक पायरी मागे. सकाळी फिरताना त्याला पळवणं सोडलं आणि प्रत्येक खांब मनसोक्त हुंगू दिला. त्यानं तो पळण्यापेक्षा जास्त दमतो, हे मला पन्नाशीत कळलं.

दार उघडं ठेवून, बिछान्यासारखी पिंजऱ्याची सवय लावणारे जाणकार आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कडीशी. कडी लावली की शिकवायचं काम संपलं असं वाटतं, आणि ते तर सुरूच झालेलं नसतं.

साडेतीन आठवडे लागले. परवा अण्णा आले. बेल वाजली. बंड्यानं कान टवकारले, माझ्याकडे पाहिलं आणि गोधडीवर जाऊन हनुवटी टेकली. अण्णा सोफ्यावर बसले, त्याच्याकडे कौतुकानं पाहात म्हणाले, "बघा! साखळीनं केलं की नाही काम?"

बंड्या जागचा हलला नाही. मी मात्र ताडकन उठणार होतो, तेवढ्यात हिनं माझ्यापुढे भज्यांची बशी हळूच ठेवली.