डाग चांगले, पण धुणार कोण?

मंडळी, 'डाग चांगले असतात' असं टीव्हीवरच्या जाहिरातीनं आपल्याला पटवलं. बरोबरच आहे. मुलं खेळणार, कपडे मळणार. माझा प्रश्न एवढाच, की मूल चिखलात लोळतं तेव्हा धुणं आईच्याच वाट्याला का?

डाग काढणं म्हणजे जादू नव्हे, शाळेतलंच विज्ञान आहे. आमच्या सांगलीच्या हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. घाबरू नये. खळखळून धुवावं आणि कडक उन्हात वाळत घालावं. हळदीचा रंग उन्हात उडतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा डाग ताजा असतानाच गार पाण्याखाली धरावा. गुडघा फुटून रक्त लागलं तर गरम पाणी नकोच, डाग पक्का बसतो. चिखल आधी वाळू द्यावा, झटकावा, मग भिजवावा.

यातलं दहा वर्षांच्या मुलाला काय जमणार नाही? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथं सर्व जातींची मुलं एकत्र राहून, अंगमेहनत करून शिकली. त्याच साताऱ्यात आज सातवीतला मुलगा स्वतःचा रुमाल धूत नाही आणि 'त्याला अभ्यास असतो' म्हणून आपण पाठीशी घालतो! मुलीला अभ्यास नसतो का?

तेव्हा मुलांना रागावू नका, खुशाल खेळू द्या. संध्याकाळी बादली आणि साबण मात्र त्यांच्यापुढे ठेवा, मुलग्यांच्याही. आजी-आजोबांनी मध्ये पडू नये. आमच्या घरच्यांनीही हे वाचावं!