वृद्धांची गरज आणि कंपन्यांचा वेग

परवा आमच्या कचेरीत एक वृद्ध गृहस्थ आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, एका गिरणीतून निवृत्त, मुलगा पुण्यास नोकरीला. हातात इंटरनेटचे बिल होते. दिवाळीस घरी आलेल्या मुलाने वडिलांसाठी सहा महिन्यांची जोडणी घेऊन दिली. वेग १०० एमबीपीएस आणि सोबत डझनभर करमणुकीच्या वाहिन्या. मुदत संपली, मुलगा दूर राहिला आणि बिल मात्र दारात आले. "मी करतो काय? रात्री नातीचे तोंड पाहतो आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतो. एवढ्यासाठी एवढे पैसे?" असा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणूनच त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वृद्धांच्या घरी इंटरनेट ही आता चैन राहिलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हयातीचा दाखला नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' पद्धतीने देता येतो आणि २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरूनही देता येतो. ज्यांना बँकेच्या चार पायऱ्या चढणे म्हणजे गड चढण्यासारखे, त्यांना या सोयीचे मोल विचारावे. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आहे. हक्क मान्य झाला; दराचे काय?

१९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १००० रुपये ठरले आणि पुढे दहा वर्षे उलटली तरी ते तेथेच राहिले. घरगुती फायबर जोडणीचा मूळ दर ४०० रुपये धरला, तरी १८ टक्के कर मिळवून ४७२ रुपये होतात. म्हणजे जवळजवळ अर्धे निवृत्तिवेतन तारेतून वाहून जाणार! औषधाच्या दुकानात उरलेल्या अर्ध्याचे काय होते, हे आम्ही सांगावयास नको.

तेव्हा गरज किती, हे आधी ओळखावे. समोरासमोर दिसत बोलण्यास दोन-तीन एमबीपीएस वेग पुष्कळ होतो आणि तासभराच्या अशा बोलण्यास साधारणपणे एक जीबीपर्यंत डेटा लागतो. जो वृद्ध एकटा राहतो आणि दिवसाकाठी अर्धा तास बोलतो, त्याला मोबाईलचा रोज एक-दीड जीबीचा साधा रिचार्ज पुरतो. घरात निराळी तार ओढण्याचे कारण नाही. मात्र २८ दिवसांच्या 'महिन्या'पासून सावध राहावे. त्या हिशेबाने वर्षाचे महिने १२ नव्हेत, १३ होतात. नियामक प्राधिकरणाच्या जानेवारी २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक रिचार्ज ठेवावयाचा आहे. दुकानदाराकडे तो मागून घ्यावा.

घरात माणसे दोन-तीन असतील, किंवा दूरदर्शन संचही इंटरनेटवर चालत असेल, तर फायबर परवडेल. पण मग मोबाईलवर पुन्हा डेटाचे पैसे का भरावेत? डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ बोलणे व संदेश यांपुरता, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचा रिचार्ज देण्याचा नियम केला आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी तसे दर जाहीर केले. घरात फायबर आणि खिशात बोलण्यापुरता फोन, ही जोडी बहुतेक वृद्धांस सोयीची आहे. बँकेचा ओटीपी तिच्यावरही येतो. घराबाहेर नेट मिळणार नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

जोडणी घेताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. अनामत परत मिळते काय, आणि तार तुटल्यास कोण येणार? जुना तांब्याच्या तारेचा दूरध्वनी घरची वीज गेली तरी बोलत असे, कारण त्याची वीज केंद्रातून येई. फायबरचे यंत्र घरच्या विजेवर चालते. वीज गेली की त्यावरचा फोनही मुका होतो. म्हणून यंत्रापुरती लहान बॅटरी अवश्य बसवावी.

परंतु हे सारे झाले घरगुती शहाणपण. सरकारची जबाबदारी त्याने संपत नाही. ज्याला डेटा नको त्याच्यासाठी नियम झाला. ज्याला थोडाच हवा त्या वृद्धासाठी का होऊ नये? केरळ राज्याने जून २०२३ मध्ये आपले फायबर जाळे सुरू केले, तेव्हा २० लाख गरीब कुटुंबांस मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट पुढे ठेवले होते. इतर राज्यांनी निदान साठीपुढील अल्पवेतनी निवृत्तांसाठी कमी वेगाची, वार्षिक मुदतीची, करमाफ जोडणी देण्यास काय हरकत आहे? तिचे बिल आणि तक्रारीचे उत्तर ग्राहकाच्या मातृभाषेत असावे, ही आमची दुसरी मागणी. जे बिल वाचता येत नाही, त्याविरुद्ध तक्रार तरी कशी करावयाची, हे सीमाभागातील मराठी वृद्धास कोणी शिकवावयास नको.

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांस आम्ही साधा रिचार्ज सुचविला. जाताना ते म्हणाले, "मुलाला सांगू कसे? त्याने प्रेमाने घेऊन दिली होती." आमचे पुण्या-मुंबईच्या मुलांस एवढेच सांगणे आहे : आईवडिलांस वेग भेट देऊ नका. त्यांच्याजवळ एक तास बसा, त्यांना काय लागते ते विचारा आणि पुढच्या बिलाची तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.