हंगामी कारखाना, कायमची इजा

दिवाळीच्या आसपास कापूस बाजारात येऊ लागला की परभणी, मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर या पट्ट्यातल्या जिनिंग सुरू होतात. पुढचे पाच-सहा महिने सरकी वेगळी करणारे रोलर, रुई ओढणारे पंखे आणि गठाणी बांधणारे प्रेस दोन-दोन पाळ्यांत फिरत राहतात. या हंगामावर हजारो घरांची चूल पेटते. पण याच हंगामात कुणाचा हात रोलरमध्ये जातो, कुणाची कंबर 170 किलोच्या गठाणीखाली कायमची धरते, कुणाच्या छातीत धूळ बसते. हंगाम संपला की कारखाना बंद होतो. इजा मात्र माणसाबरोबर घरी जाते.

कामगाराला इजा झाली तर ‘ईएसआय’ आहे, असे आपण सहज म्हणतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी मालक वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के रक्कम भरतो. त्या बदल्यात उपचार, कामावर न येता आलेल्या दिवसांचे पैसे आणि अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतन मिळते. योजना चांगली आहे. पण 1948 च्या मूळ कायद्याने ‘हंगामी कारखाने’ तिच्या बाहेर ठेवले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिलेच नाव आहे कापसाच्या जिनिंगचे. साखर आणि गूळही त्याच यादीत आहेत. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही सूट तशीच ठेवली. म्हणजे परभणीसारख्या जिल्ह्यात ज्या दोन उद्योगांत सर्वाधिक धडधडणारी यंत्रे आहेत, नेमके तेच या छत्राबाहेर राहिले.

दवाखान्याचेही तसेच. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यानुसार दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी होती आणि 500 हून अधिक कामगार असतील तरच परिचारिका-डॉक्टरांसह उपचार कक्ष हवा. आपल्याकडच्या जिनिंगमध्ये 500 कामगार कुठून असणार? त्यामुळे कायद्याने बंधनकारक राहते ती फक्त पेटी. अनेकदा ती कार्यालयात, कुलूपबंद आणि किल्ली दिवाणजीच्या खिशात.

याची किंमत कोण मोजतो? कायदा म्हणतो, मालक. 1923 पासून चालत आलेला भरपाईचा नियम साधा आहे. ईएसआय नसेल तर कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची. माणूस गुत्तेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही. त्याने ती रक्कम नंतर गुत्तेदाराकडून वसूल करावी. समजा, 30 वर्षांच्या, महिना 12,000 रुपये मिळवणाऱ्या कामगाराची एका हाताची चारही बोटे गेली. कायद्याच्या तक्त्यात ही 50 टक्के कमाई-क्षमतेची हानी आहे. वेतनाचे 60 टक्के, गुणिले त्या वयाचा ठरलेला गुणांक 207.98, आणि त्याचे निम्मे: भरपाई होते सुमारे 7 लाख 48 हजार रुपये.

प्रत्यक्षात बरेचदा दवाखान्याचे बिल आणि वर काही हजार रुपये देऊन ‘मिटवून’ टाकले जाते. हक्काची भरपाई सोडून देणारा असा करार कायद्याने ग्राह्यच नाही, हे कामगाराला ठाऊक नसते आणि मुकादम सांगत नाही. उरलेली किंमत मग त्याचे घर भरते: बायकोची मजुरी, पोराची शाळा, सावकाराचे व्याज.

मालकांना वाटते की दवाखाना म्हणजे मोठ्या कंपन्यांचे चोचले. हिशेब करून पाहू. एका गावातल्या दहा जिनिंगनी मिळून हंगामापुरता एक सामाईक दवाखाना चालवला असे धरा. पूर्णवेळ परिचारिकेला महिना 25,000, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरला 30,000, जागा-औषधांना 15,000. सहा महिन्यांचा खर्च 4 लाख 20 हजार, प्रत्येक जिनिंगच्या वाट्याला 42,000. हंगामात 15,000 गठाणी बांधणाऱ्या जिनिंगला हा खर्च गठाणीमागे तीन रुपयेही पडत नाही. आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण एका हाताच्या भरपाईपुढे ते किरकोळच राहतात. अशी वर्गणी आपल्याला नवीही नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांच्या मजुरीवर लेव्ही बसवून त्यांच्या कल्याणाची सोय केली, ती याच महाराष्ट्रात.

दवाखाना जवळ असण्याचा वैद्यकीय फायदा पहिल्या तासात दिसतो. बोट तुटले की घाबरलेले सोबती जखमेवर हळद किंवा कॉफी पावडर भरतात आणि तुटलेला भाग थेट बर्फात टाकतात. दोन्ही चूक. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे आणि हात उंच ठेवायचा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लागला तर पेशी मरतात. नीट थंड ठेवलेले बोट सुमारे 24 तासांपर्यंत, तसेच ठेवलेले साधारण 12 तासांपर्यंत जोडता येऊ शकते. सूक्ष्मशस्त्रक्रियेसाठी परभणीहून सुमारे 200 किलोमीटरवरचे छत्रपती संभाजीनगर गाठायचे असेल, तर हे तास आणि ही पिशवी हाताचे भवितव्य ठरवतात.

त्याहून महत्त्वाचे काम संथ आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’मध्ये सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. सुरुवातीला ती पुढच्या दिवसांत सैल होते, म्हणून सर्दी-खोकला समजून दुर्लक्ष होते. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी साध्या उपकरणात फुंकर मारायला लावून श्वासाचा जोर मोजला, तर फरक कागदावर येतो. आणि एकाच यंत्रावर महिन्यात तीन जणांच्या बोटांना खरचटले, हे परिचारिकेच्या वहीत दिसले, तर चौथ्याचे बोट जाण्याआधी त्या यंत्राचे संरक्षक झाकण बसवता येते.

एक आक्षेप रास्त आहे. मालकाच्या पैशावरचा डॉक्टर कुणाची बाजू घेईल? पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कामावर धाडणारा दवाखाना नसलेलाच बरा. म्हणून तो एका मालकाचा नसावा. कारभारात कामगारांचा प्रतिनिधी असावा, इजेच्या नोंदीची प्रत कामगाराच्या हातात मिळावी आणि ती वही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्याने तपासावी. शिवाय दवाखाना झाला म्हणून यंत्रावरचे झाकण काढता येत नाही. इजा टाळणे पहिले, उपचार दुसरे.

हंगामी कारखान्यांची ईएसआयमधली सूट संसदेने काढायला हवी, पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गठाणीमागे तीन रुपयांचा निर्णय जिनिंगमालकांना बाजार समितीच्या एका बैठकीत घेता येईल. पुढच्या हंगामाचा पहिला कापूस येण्याआधी तो व्हावा. तोवर निदान प्रथमोपचार पेटीचे कुलूप तरी काढा.