कळलावीचे बी आणि मात्रेचा प्रश्न

वनस्पतीपासून काढलेले औषध निरुपद्रवी असते, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात जितकी दृढ आहे, तितकी ती रानावनात वावरणाऱ्या वैदूच्या मनात खचितच नसेल. कळलावीचा कंद कोणाच्या हाती द्यावयाचा नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

पावसाळ्यात कुंपणावर चढून अग्निज्वाळेसारखी फुलणारी ही वेल आपल्या परिचयाची आहे. तिचे संस्कृत नाव लांगली. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आणि गोमूत्रात शोधन केल्यावाचून ती वापरू नये असे सांगितले. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. गाउटच्या तीव्र सुजेवर आजही जगभर दिले जाणारे औषध ते हेच. तमिळनाडूत या वेलीची लागवड होते आणि तिचे बी परदेशी जाते.

परंतु येथे अभिमानाने छाती फुगविण्यापूर्वी थोडे थांबावे. वातरक्तावर आयुर्वेदाचा मुख्य भर गुळवेलीवर होता, कळलावीवर नव्हे. गाउटवरील गुण उघड झाला तो कोल्चिकम या निराळ्या वनस्पतीत. सहाव्या शतकात बायझंटाईन वैद्य त्राल्लेसचा अलेक्झांडर ती वापरीत होता, आणि युनानी परंपरेने तिच्याच जातीला सुरंजान म्हणून जवळ केले. १८२० साली, म्हणजे क्विनाईन वेगळे केले त्याच वर्षी, पेल्तिए आणि कॅव्हंतू यांनी पॅरिसमध्ये कोल्चिकममधील क्षारद्रव्य वेगळे काढले. कोल्चिसीन हे नाव त्याला १८३३ साली गायगरने दिले. तेच द्रव्य आपल्या कुंपणावरच्या वेलीतही आहे, हे पुढे रसायनशास्त्राने दाखविले. परंपरेला सर्व काही ठाऊक होते असे म्हणणे जितके चूक, तितकेच तिला काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणे चूक.

सांध्यात साचलेल्या यूरिक आम्लाच्या स्फटिकांवर रक्तातील पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि त्या झुंजीतून सूज व असह्य वेदना उद्भवतात. कोल्चिसीन पेशींतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्यांची हालचाल रोखते. यूरिक आम्ल ते कमी करीत नाही. आग विझविते, सरपण हलवीत नाही. पण हेच प्रथिन शरीरातील प्रत्येक पेशीत असल्यामुळे मात्रा वाढली की आतडी, अस्थिमज्जा, हृदय यांवर घाला पडतो. यावर खात्रीचा उतारा नाही.

कित्येक वर्षे डॉक्टर जुलाब लागेपर्यंत हे औषध देत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम आणि एका तासात १.८ मिलिग्रॅम अशा दोन मात्रा पारखल्या गेल्या. लहान मात्रेने तितकाच आराम पडला आणि त्रास कितीतरी कमी झाला. सोळाशे मैलांची चाल जिथे चार पावलांत होते, तिथे पावले मोजण्याचे काम ऋषिमुनींनी आपल्यासाठी करून ठेवलेले नव्हते. ते कोणीतरी प्रयोगाने केले.

याचा अर्थ गुळवेल, गुग्गुळ, हळद यांना नाकारावे असा नव्हे. त्यांच्याही बाबतीत असेच मोजमाप व्हावे, एवढाच आमचा आग्रह आहे. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरविला. वादाचा निकाल पत्रकाने नव्हे, अधिक काटेकोर तपासणीने लागावयास हवा होता.

दरम्यान एक साधे काम करता येण्यासारखे आहे. लांगली औषधनियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि अशा औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापण्याचे बंधन आहे. महाराष्ट्रात ती मराठीतही छापली जावी. आणि ज्यांवर कसलीच चिठ्ठी नसते त्या सांधेदुखीच्या सुट्या पुड्यांचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने आठवडे-बाजारांतून उचलून तपासावेत.