जमिनीखालचे दिसते, जमिनीवरचे अडते

कोलकात्याच्या पूर्वेस वसलेल्या न्यू टाउनमध्ये ‘कोल इंडिया’चे मुख्यालय आहे. त्याच उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात, कोलकात्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, अशोकनगर येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला २०१८ मध्ये खनिज तेल व वायूचा साठा सापडला. याच जिल्ह्यातील असंख्य गावांच्या पायाखाली पाणी मुबलक आहे, मात्र त्यात आर्सेनिक आहे. कोळसा, तेल आणि पाणी या तिन्ही संपत्तींचा शोध घेणारे भूभौतिक शास्त्र आज पूर्वी कधी नव्हते इतके प्रगत झाले आहे. तरीही त्या शोधाचे फळ सामान्य माणसापर्यंत पोहोचत नाही. याचे कारण भूगर्भात नसून सत्तेच्या व्यवस्थेत आहे.

बंगालच्या खोऱ्यातील तेलाचा शोध नवा नाही. केंद्र सरकार आणि अमेरिकेची स्टॅन्डर्ड व्हॅक्युम कंपनी यांनी ‘इंडो-स्टॅन्व्हॅक’ हा संयुक्त प्रकल्प १९५३ मध्ये हाती घेतला. सरकारचा वाटा २५ टक्के होता. कंपनांच्या साह्याने सर्वेक्षण झाले, विहिरी खोदल्या गेल्या. पण व्यापारी दृष्ट्या परवडेल असे तेल लागले नाही आणि १९६० मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. अशोकनगरचे यश त्यानंतर जवळजवळ सहा दशकांनी आले. या प्रदीर्घ काळात पृथ्वी बदलली नाही, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. स्फोटाने किंवा कंपन निर्माण करणाऱ्या यंत्राने जमिनीत लहरी सोडायच्या, निरनिराळ्या थरांवरून परतणारे त्यांचे प्रतिध्वनी टिपायचे आणि संगणकाच्या आधारे त्यातून भूगर्भाचे चित्र उभे करायचे, हे या तंत्राचे सूत्र आहे. अर्थात, हे चित्र तेल दाखवत नाही. तेल जेथे अडकलेले असू शकेल अशी रचना दाखवते. अखेरचा निर्णय विहीरच देते.

मराठी वाचकाला याचे सर्वांत परिचित उदाहरण ‘मुंबई हाय’चे आहे. साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या सहकार्याने झालेल्या सागरी सर्वेक्षणात ती रचना आढळली, ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. शोध आणि उत्पादन यांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर होते. अशोकनगरची कहाणी नेमकी उलटी आहे. तत्कालीन पेट्रोलियममंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी २० डिसेंबर २०२० रोजी ते क्षेत्र राष्ट्राला अर्पण केले. परंतु उत्पादनासाठी आवश्यक असलेल्या खनन पट्ट्याचा सप्टेंबर २०२० मधील अर्ज चार वर्षे उलटूनही राज्य सरकारकडे प्रलंबित असल्याचे केंद्राने २०२४ मध्ये संसदेत सांगितले.

या फरकाचे मूळ राज्यघटनेत आहे. समुद्रतळाची संपत्ती अनुच्छेद २९७ नुसार केंद्राची असते. तेथे पट्टा देणारा आणि रॉयल्टी घेणारा एकच. म्हणूनच ‘मुंबई हाय’ला नाव मुंबईचे असले, तरी तेथील रॉयल्टी महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही. जमिनीवर मात्र परिस्थिती वेगळी आहे. तेलक्षेत्रांचे नियमन केंद्राच्या सूचीत आहे; पण अशोकनगरचा अर्ज ज्या १९५९च्या नियमांखाली झाला, त्यानुसार राज्याच्या जमिनीवरील पट्टा केंद्राच्या पूर्वसंमतीने राज्यानेच द्यावयाचा होता आणि रॉयल्टीही राज्यालाच मिळावयाची होती. म्हणजे तेल निघाल्यास लाभ राज्याचा, तरीही संचिका राज्यातच अडलेली. एरवी हे कोडे वाटावे. परंतु दिल्ली आणि कोलकाता यांच्यातील त्या काळच्या राजकीय वैराची ज्यांना कल्पना आहे, त्यांना ते कोडे वाटणार नाही.

दोष एकाच बाजूला टाकणेही न्याय्य ठरणार नाही. सिंगूरनंतरच्या बंगालमध्ये जमीन हा कोणत्याही सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न झाला आहे. खुद्द न्यू टाउन राजारहाटच्या शेतजमिनींवर उभे राहिले आणि त्या संपादनाच्या आठवणी अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. राष्ट्रार्पणाचा सोहळा आधी आणि पट्टा नंतर, हा केंद्राचा क्रमही विश्वास वाढवणारा नव्हता. तो सोहळा विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी झाला, हे राज्याच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

पाण्याची कथा याहून गंभीर आहे, कारण तेथे पट्ट्याचीही अट नाही. पाणी हा राज्याचा विषय. आणि १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेल्या समजुतीनुसार जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे. पश्चिम बंगालने २००५ मध्ये भूजल नियमनाचा कायदा केला आणि २०११ मध्ये लहान पंपांसाठी परवान्याची अट बऱ्याच भागांत शिथिल केली. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात पाणी लागणे कठीण नसते, चांगले पाणी लागणे कठीण असते. विद्युत प्रतिरोध मोजून चिकणमाती कोठे, वाळू कोठे, खारे पाणी कोठे आणि गोडे कोठे हे सांगता येते. परंतु आर्सेनिक कोणत्याही भूभौतिक यंत्राला दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. यंत्राने गोड्या पाण्याचा थर दाखवला म्हणून तेथे हातपंप बसवणे, हे विज्ञानाच्या नावाने अर्धवट काम करणे होय.

महाराष्ट्रात नेमके याच्या विरुद्ध. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टच्या कातळाखाली आहे. पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. तेथे जागा चुकली की विंधन विहीर कोरडी आणि शेतकरी कर्जबाजारी. म्हणूनच नारळ तळहातावर ठेवून फिरणाऱ्या पाणाड्याचा धंदा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अस्तित्वात येऊन पन्नास वर्षे उलटली तरी बसलेला नाही. केंद्रीय भूजल मंडळाने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या मदतीने हेलिकॉप्टरमधून विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाचा जो प्रायोगिक उपक्रम केला, त्यात नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचा समावेश होता. पुढे २०२१ मध्ये राजस्थान, गुजरात आणि हरियाणातील कोरड्या प्रदेशांसाठी ही मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. नकाशे तयार होत आहेत. मात्र ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करणाऱ्या महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो प्रसिद्ध होईपर्यंत २०१३ संपत आले आणि त्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला. दरम्यान बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतच राहिल्या.

तेलासाठी सरकार खर्चात हात आखडता घेत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपलहरी सर्वेक्षण कार्यक्रमात ४८ हजारांहून अधिक रेषा-किलोमीटरचे सर्वेक्षण ठरले आणि २०१७ मध्ये त्या माहितीचे राष्ट्रीय भांडार उभे राहिले. गुंतवणूकदार कंपनीला तेथे हवी ती माहिती मिळू शकते. ग्रामपंचायतीला तिच्या शिवाराखालील जलधराचा नकाशा तितक्याच सहजतेने आणि तिच्या भाषेत का मिळू नये? ज्या जनतेच्या पैशातून हे सर्वेक्षण झाले, तिचा त्यावर पहिला हक्क आहे.

या संदर्भात दोन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पट्ट्याच्या अर्जावर होकार वा नकार, परंतु कारणांसह आणि ठरावीक मुदतीत, देण्याचे बंधन राज्यांवर हवे. आणि त्याच्या मोबदल्यात जमीन, पुनर्वसन व स्थानिक विहिरींचे संरक्षण यांबाबतची लेखी हमी आधीच देण्याचे बंधन केंद्रावर हवे. तसेच पाण्याच्या प्रत्येक नकाशासोबत रासायनिक तपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय नवा नळ वा हातपंप मंजूर होऊ नये. न्यू टाउनमध्ये वा दिल्लीत बदलीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्यांपैकी अनेकांच्या टेबलावर अशा संचिका येतात. त्यांच्या स्वाक्षरीला होणाऱ्या विलंबाची किंमत अशोकनगरला रॉयल्टीत मोजता येते. आर्सेनिकग्रस्त गावात ती माणसांच्या आरोग्यात मोजावी लागते.