शंका घेणाऱ्याला जागा हवी
‘लोकशाही असती, तर जपान युद्धात उतरलाच नसता’ हे वाचकपत्र अर्धसत्य सांगते. जपानमध्ये १९२५ सालीच २५ वर्षांवरील पुरुषांना मताधिकार मिळाला होता. फेब्रुवारी १९४० मध्ये खासदार साइतो ताकाओ यांनी चीनमधील ‘पवित्र युद्धा’चा फोलपणा संसदेत मांडला, तेव्हा लष्करापुढे नमलेल्या निर्वाचित सहकाऱ्यांनीच त्यांना सभागृहाबाहेर काढले. १९४२ मध्ये सरकारी शिफारशीविना मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, हेही विसरू नये. आणि १० मार्च १९४५ च्या पहाटे टोकियोत सुमारे लाखभर माणसे जाळणारी विमाने लोकशाही अमेरिकेची होती! ‘धर्म आपल्याच बाजूला’ ही खात्री कोणत्याही राज्यपद्धतीत बोकाळते. युद्धकाळात तिला आव्हान देणाऱ्याला बोलू दिले जाते का, ही लोकशाहीची खरी कसोटी.
– एक वाचक, पुणे