कॉलेज आधी पाहा, मग नाव लिहा



गेल्या पंधरवड्यात युसूफ वडगावला सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासून दाखवण्यासाठी गेलो होतो. गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले, तसे एक ओळखीचे गृहस्थ मुलीला घेऊन पुढे आले. मुलगी बारावी शास्त्र शाखा पास झालेली, सीईटीही दिलेली.

"साहेब, शेतीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचाय. पहिलं नाव कोणतं टाकू?"

मी मुलीला विचारले, "काय गं ताई, तुझ्या मनात काय आहे?" ती गप्प. वडीलच म्हणाले, "तिला काय कळतंय? अंबाजोगाई टाका, जवळ पडतं."

मी विचारले, "कॉलेज पाहिलंय का?" दोघांनीही पाहिले नव्हते.

मंडळी, केजच्या बाजारात आपण बैल घेतो तेव्हा दात पाहतो, चालवून पाहतो, चारचौघांना विचारतो. आणि पोरीची चार वर्षे ज्या ठिकाणी जायची, ते ठिकाण न पाहताच नाव लिहून मोकळे होतो!

अमेरिकेत काही कॉलेजे मुलगा आधी येऊन पाहून गेला का, त्याने चौकशी केली का, याची नोंद ठेवतात आणि प्रवेश देताना ती विचारात घेतात. आपल्याकडे तसे नाही. गुण, आरक्षण आणि आपण लिहिलेला पसंतीक्रम, यांवर जागा ठरते. म्हणून कोणी म्हणेल, मग जाऊन काय उपयोग? उपयोग कॉलेजला नाही, आपल्याला आहे. वरच्या क्रमांकाचे नाव मिळाले की खालची नावे आपोआप गळतात. तेव्हा क्रम चुकला तर दोष कोणाला देणार?

मी एवढेच सांगितले, "फॉर्म चार दिवस थांबवा. अंबाजोगाईचं कृषी महाविद्यालय पाहा. मग परळीहून रेल्वेनं परभणीला जाऊन या."

परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 सालचे. तिथे नुसते कृषी महाविद्यालय नाही. अन्नतंत्र महाविद्यालय आहे, ते 1976 पासून. कृषी अभियांत्रिकी आहे, उद्यानविद्या आहे. फॉर्म भरणाऱ्या कित्येक घरांना हे ठाऊकच नसते.

जाल तेव्हा नुसती इमारत पाहून परतू नका. कॉलेजच्या शेतावर जा, पीक उभे आहे की तण, ते तुम्हाला सांगावे लागणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्रात्यक्षिके खरोखर होतात का, शिक्षक पुरेसे आहेत का, वसतिगृहात जागा मिळते का, मेसचा महिन्याचा खर्च किती, हे विचारा. कॉलेज विद्यापीठाचे स्वतःचे आहे की खासगी, हेही विचारा. फीमध्ये मोठा फरक पडतो. आणि जाणे जमतच नसेल तर गावात कृषिदूत, कृषिकन्या येतात ना? शेवटच्या वर्षाची ती मुले. त्यांना चहाला बोलवा, खरे काय ते कळेल.

परवा त्या गृहस्थांचा फोन आला. "साहेब, पोरगी परभणीत दोन तास अन्नतंत्रच्या मुलींशी बोलत बसली. डाळ मिलचं, सोयाबीनचं काय काय विचारलं तिनं. घरी इतकी बोलताना मी तिला कधी पाहिलीच नव्हती."

"मग पहिलं नाव कोणतं टाकलं?"

"मी नाही टाकलं. तिनंच लिहिलं. परभणी, अन्नतंत्र. अंबाजोगाई दुसरं." थोडे थांबून म्हणाले, "लांब आहे जरा. पण जाऊ द्या."

जागा मिळेल की नाही, ते गुणांवर. पण यादी तिची आहे. तुमच्याही घरात फॉर्म भरायचा असेल तर आधी एसटीचे तिकीट काढा, आणि पोराला किंवा पोरीला सोबत न्यायला विसरू नका.